झडपा लावून बसणारं कासव

कासव म्हटलं की देवळातलं दगडी कासव आठवतं, पाठीवर कोरीव खवले असलेलं. भाताच्या खाचरात नि गावतळ्यात राहणाऱ्या पाणकासवाच्या पाठीवर मात्र एकही खवला नसतो. खाली हाड, वर चामड्यासारखी गुळगुळीत, शेवाळी कातडी. पोट दुधट, नाकाचं टोक नळीसारखं पुढे आलेलं, प्रत्येक पायाला तीनच नखं. लांबी बहुधा वीतभर, थोराड मादी फूटभरही भरते. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पंक्टाटा म्हणजे ठिपकेदार, पण ठिपके गंगा-सिंधूच्या खोऱ्यातल्या भावंडांना. आपल्याकडचं कासव सहसा बिनठिपक्यांचंच!

त्याची खरी गंमत पोटाकडे आहे. धोका वाटला की डोकं आणि पुढचे पाय आत जातात नि पोटाच्या कवचाचा पुढचा भाग बिजागरीवर फिरल्यासारखा वर उचलून दार लावतो. मागचे पाय आत ओढले की त्यांच्यावर कातडीच्या दोन झडपा येऊन बसतात. मऊ पाठीच्या कासवांत अशा झडपा फार थोड्यांना असतात. म्हणून ते गरीब समजू नका. मान लांब आहे, पाठीमागून धरलेल्या हातालाही कडकडून चावतं.

खायला काहीही चालतं: गोगलगाई, बेडूक, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावरही. माणूस मात्र त्यालाच खातो, मासेमारीचं आमिष म्हणून कापतो, नाहीतर पैसा येतो अशा समजुतीने घरच्या टाकीत ठेवतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं गुन्हा आहे.

2020च्या जुलैत ओडिशाच्या बालासोर जिल्ह्यात एक पिवळंधमक कासव सापडलं आणि देशभर फोटो फिरले. तेही हेच, फक्त कातडीतला गडद रंग जन्मतःच हरवलेलं.

उन्हाळ्यात तळं आटू लागलं की काही कासवं चालत दुसरं पाणी गाठतात. बाकीची ओल असेल तिथे गाळात शिरतात, वरचा चिखल तडकून भेगाळला तरी खाली निपचित पडून राहतात. अंड्यांनाही हीच सवय. गोल, कडक कवचाची ही अंडी मादी मातीत पुरते, आणि आतला गर्भ लगेच वाढत नाही. वाढ थांबवून मुक्काम करतो. त्यामुळे पिल्लं बाहेर यायला कितीतरी महिने लागतात. पाऊस पडतो, माती मऊ होते, खाचरात पाणी साचतं, आणि चिमुकली कासवं बांधावरून खाली उतरू लागतात.