वसंतबहरी शोभिवंत वृक्ष

हिवाळा सरताच, बहुतेक वेळा पालवीच्या आधी किंवा पालवीबरोबर, फुलणारे आणि मुख्यतः फुलांसाठी लावलेले वृक्ष. समशीतोष्ण प्रदेशांतील मॅग्नोलिया, चेरी, क्रॅबॲपल, डॉगवुड आणि रेडबड ही त्यांतली ठळक नावे. सामुदायिक वृक्षोद्यानात यांतली दोन-तीन तरी असतातच. वृक्षोद्यान म्हणजे नुसती बाग नव्हे. तिथे प्रत्येक झाडाला नावाची पाटी असते आणि ते कुठून, कधी आले याची नोंद ठेवलेली असते. लोकांसाठी खुल्या केलेल्या वृक्षोद्यानांत इंग्लंडमधील डर्बीचे नाव अगोदर घ्यावे लागते. गिरणीमालक जोसेफ स्ट्रट यांनी दान दिलेल्या जागेवर जे. सी. लाउडन यांनी आखलेले हे उद्यान १८४० मध्ये खुले झाले.

वसंतात दिसणारा बहर ठरतो आदल्या उन्हाळ्यातच. फुलांच्या कळ्या तेव्हाच धरतात आणि हिवाळाभर खवल्यांच्या आत निजून राहतात. जागे होण्याआधी त्यांना ठरावीक काळ थंडी लागते, साधारणपणे ० ते ७ अंश सेल्सिअसच्या आसपासची, आणि मगच ऊब. थंडी पुरली नाही तर बहर विस्कळीत आणि विरळ येतो. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरत असल्याने या झाडांची छाटणी बहर ओसरल्याबरोबर करतात. शिशिरात कात्री चालवणारा उत्साही स्वयंसेवक त्या वर्षीची फुलेच कापून टाकतो.

मॅग्नोलियाची कळी हातात घेऊन पाहावी. वर राखाडी, मऊ लव असलेले आवरण, आत घट्ट गुंडाळलेली परिदले, म्हणजे पाकळ्यांसारखी दले. निदल (फुलाचे बाहेरचे दल) कुठले आणि पाकळी कुठली हे बहुतेक जातींत सांगता येत नाही. हे कूळ मधमाश्यांहून जुने असून त्याचे परागण मुख्यतः भुंगेरे करतात. वृक्षोद्यानांतला नेहमीचा सूलांज मॅग्नोलिया हा फ्रान्समध्ये एतिएन सूलांज-बोदँ यांनी दोन चिनी जातींच्या संकरातून मिळवला. त्याला पहिल्यांदा फुले आली १८२६ मध्ये. तो लवकर फुलतो, हेच त्याचे दुखणे. उशिराच्या एका गोठत्या रात्रीत सगळा बहर तपकिरी पडतो.

डॉगवुडची गंमत वेगळी. ज्या चार पांढऱ्या ‘पाकळ्यां’साठी ते लावतात त्या पाकळ्या नव्हेतच, ती सहपत्रे, म्हणजे फुलांलगतची बदललेली पाने आहेत. खरी फुले मधोमध, हिरवट-पिवळ्या बारीक झुबक्यात. रेडबड हे शेंगांच्या कुळातले झाड. त्याला गुलाबी-जांभळी फुले जुन्या फांद्यांवर आणि थेट खोडावर लागतात, फणसासारखी. हृदयाकृती पाने मागाहून येतात. क्रॅबॲपल म्हणजे ५ सेंमीपर्यंतच्या फळांचे सफरचंद. निवड करताना पानांवर काळे डाग पाडणाऱ्या खवड्या रोगाला दाद न देणारा वाण घ्यावा. नाहीतर वसंतात सजलेले झाड भर उन्हाळ्यात उघडेबोडके होते.

शोभा पाहून झाड निवडण्याची किंमत ‘ब्रॅडफर्ड’ पेअर या शोभेच्या नासपतीने दाखवून दिली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६३ मध्ये प्रसारात आणलेला हा वाण पांढऱ्या बहराने लाडका झाला. मात्र त्याच्या फांद्या खोडापासून अरुंद कोनात फुटतात, त्यामुळे वय वाढले की वादळात झाड उभे फाटते. फुलांचा वासही नकोसा. स्वतःच्या परागाने त्याला फळ धरत नाही, पण शेजारी दुसरा वाण आला की धरते. बिया पक्ष्यांनी दूर नेल्या आणि माळराने काटेरी रोपट्यांनी भरली. ओहायो राज्यात २०२३ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. जुन्या वृक्षोद्यानात एखादे उरले असेल तर पाटीवर हेही लिहावे.

चेरीतला सर्वांत परिचित वाण ‘सोमेइ योशिनो’. तो कलमानेच वाढवतात. त्यामुळे एका रांगेतली सगळी झाडे जनुकीय दृष्ट्या एकच असतात आणि सारखे हवामान असेल तर जवळजवळ एकाच दिवशी फुलतात. टोकियोने वॉशिंग्टनला १९१० मध्ये पाठवलेली २,००० झाडे कीड निघाल्याने जाळावी लागली. १९१२ मध्ये ३,०२० नवी झाडे आली. जपानमधील क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चलाच ऐन भरात होता, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सर्वांत लवकर.