सौरवादळाची उष्णता कार्बन डायऑक्साइड परतवतो, म्हणून तो पृथ्वी थंड ठेवतो का?

मार्च 2012 मधील सौरवादळात थर्मोस्फियरने, म्हणजे वातावरणाच्या अतिउंच विरळ थराने, सुमारे 2600 कोटी किलोवॉट-तास ऊर्जा शोषली आणि तिच्यातील 95 टक्के कार्बन डायऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांनी अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशात परत पाठवली, असे नासाच्या टाइम्ड उपग्रहावरील सेबर या उपकरणाने दाखवले. त्यावरून 'हरितगृह परिणाम खोटा ठरला' हा निष्कर्ष तेव्हापासून फिरतो आहे.

मोजमाप खरे आहे, निष्कर्ष नाही. शंभर किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की टक्करीतून ऊर्जा मिळालेल्या रेणूने फेकलेले किरण अडवायला वर फारसे काहीच उरत नाही. जमिनीलगत मात्र तेच किरण शेजारचे रेणू पुन्हा शोषतात. किंबहुना कार्बन डायऑक्साइड वाढला की खाली तापमान चढते आणि वरचे थर थंड होऊन आकसतात. शिवाय ती 2600 कोटींची भलीमोठी वाटणारी ऊर्जा पृथ्वी सूर्यप्रकाशातून एका सेकंदापेक्षाही कमी वेळात शोषते; हा हिशोब सहसा कोणी मांडत नाही.

वादळाच्या रात्री 4.3 मायक्रॉन तरंगलांबीची जी अवरक्त चमक वाढते, तीही सगळी कार्बन डायऑक्साइडची नसते. ध्रुवीय प्रकाशात तयार होणारे, कंपन पावणारे नायट्रिक ऑक्साइडचे धन आयन याच पट्ट्यात किरण सोडतात. नायट्रोजन वा ऑक्सिजनच्या रेणवीय आयनांना ते जमत नाही, कारण दोन समान अणूंच्या कंपनात किरण सोडण्यासाठी लागणारा विद्युत असमतोल निर्माण होत नाही.