ज्ञानविषयक अन्याय

एखाद्या व्यक्तीला ‘जाणती’ म्हणून मिळायला हवे ते स्थान तिची जात, लिंग, वर्ण, वर्ग किंवा भाषा पाहून नाकारले जाणे, यास ज्ञानविषयक अन्याय म्हणतात. अशा व्यक्तीचे म्हणणे खोटे ठरते, क्षुल्लक ठरते किंवा ऐकूनच घेतले जात नाही. या संकल्पनेची रीतसर मांडणी ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये केली. प्रश्न मात्र पुष्कळ जुना आहे. आपल्याला जे ठाऊक असते त्यातले बरेचसे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलेले असते. ज्ञानाची साधने तपासणाऱ्या प्राचीन भारतीय न्यायदर्शनाने आप्तवचनाला, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या शब्दाला, प्रमाण मानले आणि वात्स्यायनाने न्यायभाष्यात म्हटले, की आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. विषय ज्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि तो जसाच्या तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. सांगणारा कोणाच्या घरचा, ही अट त्या व्याख्येत नाही. व्यवहारात बहुधा तीच आधी विचारली गेली.

फ्रिकर यांनी अशा अन्यायाचे दोन प्रकार मानले. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे सांगणाऱ्याच्या शब्दाला वाजवीपेक्षा कमी वजन मिळते, तो साक्षविषयक अन्याय. प्रत्येक अविश्वास यात बसत नाही : सराईत थापाड्यावर विश्वास न ठेवणे हा अन्याय नव्हे, आणि प्रामाणिक गैरसमजही नव्हे. सांगणारी व्यक्ती कोणत्या समूहातली आहे, यावरून तिची विश्वासार्हता घटवली गेली असेल, तरच तो साक्षविषयक अन्याय ठरतो.

महाराष्ट्रातील मथुरा खटला हे या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे आणि ती धडधडीत खोटे बोलते, असे निकालात म्हटले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली : अंगावर जखमेची खूण नाही, तेव्हा प्रतिकाराची आणि आरडाओरड्याची हकीकत खोटी. साक्ष एकच, तिचे वजन मात्र प्रत्येक न्यायालयात वेगळे भरले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ हे कलम आले. त्यानुसार पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. न्यायाधीशाचे मन बदलण्याची वाट कायद्याने पाहिली नाही. कोणाच्या शब्दापासून सुरुवात करायची, हेच बदलले. मात्र तक्रारदार स्त्रीच्या ‘चारित्र्या’वर बोट ठेवू देणारे पोटकलम पुढे जवळपास २० वर्षे कायम राहिले.

अविश्वास दाखवणाऱ्याला आपण पक्षपात करतो आहोत याची जाणीव असेलच असे नाही. मानसशास्त्रात यास सुप्त पूर्वग्रह म्हणतात. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादेत जन्मलेल्या महजरीन बानाजी यांनी १९९५ मध्ये या कल्पनेला आकार दिला. हा पूर्वग्रह मोजण्यासाठी १९९८ मध्ये आलेल्या चाचणीत चेहरे व शब्द यांच्या जोड्या झटपट लावायच्या असतात आणि कोणती जोडी लावायला किती वेळ गेला, हे मोजले जाते. चाचणी गाजली, कंपन्यांनी तिच्या आधारे प्रशिक्षणवर्गही भरवले. पण त्याच माणसाने ती पुन्हा दिली तर निकाल बराच बदलू शकतो. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले, की चाचणीतले गुण बदलता येतात, पण त्यामागून वर्तन बदलल्याचा पुरावा मिळत नाही. तेव्हा दोन तासांच्या वर्गाने मन स्वच्छ होते, हा दावा फारसा गंभीरपणे घेण्याजोगा नाही. पूर्वग्रहच नसतो, असा मात्र याचा अर्थ नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील एका अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी व निवासी डॉक्टरांनी ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ अशांपैकी एखादी तरी चुकीची समजूत खरी मानली. अशा समजुती असलेल्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या.

दुसरा प्रकार अर्थबोधविषयक अन्यायाचा. आपल्यावर काय गुदरले हे सांगण्यासाठी लागणारी संकल्पनाच समाजाने घडवलेली नसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातल्या एका स्त्री कर्मचाऱ्याने वरिष्ठाच्या अंगचटीला कंटाळून नोकरी सोडली. बेकारभत्त्याच्या अर्जात कारण काय लिहावे ते तिला कळेना. ‘वैयक्तिक’ असे तिने लिहिले आणि भत्ता नाकारला गेला. १९७५ मध्ये तिथल्या स्त्रियांनी एकत्र बसून या अनुभवाला ‘लैंगिक छळ’ हे नाव दिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात त्याची व्याख्या केली. कायदा २०१३ मध्ये झाला.

या मांडणीवर आक्षेपही आहेत. फ्रिकर यांचा भर ऐकणाऱ्याच्या सद्गुणावर आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांच्या मते व्यक्तींचा चांगुलपणा पुरेसा नाही, संस्थांची रचना बदलावी लागते. ११४-अ कलमाचा इतिहास अँडरसन यांच्या बाजूने बोलतो. तत्त्वज्ञ क्रिस्टी डॉटसन यांनी २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : ऐकणाऱ्याला पेलणार नाही हे ओळखून सांगणारा आपली साक्ष आधीच छाटतो. अशा वेळी नाकारण्याजोगे काही उच्चारलेच जात नाही, म्हणून हा अन्याय कोणत्याही नोंदीत सापडत नाही.

भारतीय वादात राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांचा २००२ चा लेख महत्त्वाचा आहे. समाजशास्त्रांमध्ये सिद्धांत मांडणारे ‘ब्राह्मण’ आणि अनुभव पुरवणारे ‘शूद्र’ अशी विभागणी झाली आहे, असे त्यांनी लिहिले. येथे दलितावर अविश्वास नसतो. उलट त्याचे आत्मकथन खरे म्हणून आवडीने वाचले जाते. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र दुसऱ्याकडे जाते. मग सिद्धांत मांडण्याचा अधिकार केवळ अनुभव भोगणाऱ्याचाच का, असा प्रतिप्रश्न तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी उपस्थित केला. अनुभवाचा धनी आणि त्याचा कर्ता एकच असतो का, या मुद्द्यावर दोघांचा वाद पुढे २०१२ मध्ये पुस्तकरूपाने आला.