वाण चांगले की खाचर चांगले?

कोकणातले भातशेत क्वचितच एका पातळीत असते. सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, कडेपासून निघालेली खाचरे, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, पायऱ्यापायऱ्यांनी पऱ्ह्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) उतरतात. वरच्या खाचराची माती पातळ असते आणि पाऊस ओसरला की पाणी आधी तिथलेच आटते, तर खालच्या खाचरात वाहून आलेला गाळ साचतो आणि ओल कितीतरी दिवस टिकते. अशा शेतात नवे वाण खाली आणि जुने वर लावले, तर झोडणीनंतर दिसणारा फरक वाणाचा किती आणि खाचराचा किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हा गुंता सोडवण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात बसवली. तेथे ते १९१९ मध्ये रुजू झाले होते. सारख्या जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटात प्रत्येक वाण लावायचे आणि कोणत्या वाफ्यात कोणते वाण हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. चिठ्ठी मला यात सर्वांत मोलाची वाटते, कारण आपल्या आवडत्या वाणाला बरा कोपरा देण्याचा मोह प्रामाणिक माणसालाही नकळत होतो. भारतात ही शिस्त रुजवणाऱ्यांमध्ये विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे ही दोन मराठी नावे अग्रभागी आहेत.

समजा, चार पायऱ्यांवरच्या चार खाचरांत २० चौरस मीटरचे दोन-दोन वाफे आखले. वरून खाली येताना जुन्या वाणाचे भात ५.५, ६.४, ७.१ आणि ८.० किलो भरले, तर नव्याचे ६.२, ६.९, ७.८ आणि ८.६ किलो. एकाच वाणात वरच्या आणि खालच्या खाचरांत अडीच किलोपर्यंत तफावत आहे, आणि नव्या वाणाची सरासरी आघाडी मात्र जेमतेम ६२५ ग्रॅम आहे. खाचरांचा विचार न करता आठ आकडे एकत्र ओतले, तर ही आघाडी योगायोगाचीही असू शकते, असेच गणित सांगेल. पण प्रत्येक खाचरातली वजाबाकी स्वतंत्र केली की ०.७, ०.५, ०.७ आणि ०.६ असे जवळजवळ सारखे आकडे समोर येतात. इतका एकसारखा फरक चारही वेळा निव्वळ योगायोगाने पडणे फार अवघड आहे. हेक्टरी हिशेबात तो सुमारे ३१२ किलो होतो.

अर्थात, वजनेही तुल्य हवीत. बांधाकडेच्या रोपांना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून कडेच्या ओळी वगळून कापणी करतात, आणि ओले भात जड भरते, म्हणून सर्व वजने एकाच ओलाव्यावर, बहुधा १४ टक्क्यांवर, आणून मगच तुलना करतात.

एका गावचा निकाल मात्र दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लागू पडत नाही. उंच, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, वाण पुढे जाते, पाणथळ जमिनीत गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे. आणि खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे खारवट जमिनीत, ही दोन्ही मागे पडून खारे पाणी सोसणारे पनवेल-१ सारखे वाण तग धरते. सर्व ठिकाणांची एकच सरासरी काढली तर नेमकी हीच माहिती पुसली जाते. म्हणूनच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला कर्जत, शिरगाव आणि पनवेल अशा वेगवेगळ्या जमिनींवर भाताची केंद्रे लागतात.

घरच्या शेतातही ही चाचणी करता येते. तीन-चार खाचरे निवडून प्रत्येकाचे दोन सारखे भाग करावेत, एकाच राबातली (रोपवाटिकेतली) सारख्या वयाची रोपे एकाच दिवशी लावावीत, कोणता भाग कोणत्या वाणाला हे चिठ्ठीने ठरवावे आणि प्रत्येक भागाचे भात वेगळे झोडून, वाळवून तोलावे.