गुलामगिरीची तुलना आणि सातारा: थोडी पार्श्वभूमी

11 एप्रिल जवळ आला की साताऱ्यात फुल्यांचे बॅनर लागतात, आणि मग गुलामगिरीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, ते सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडं असलं काही नव्हतं. हे साफ चूक आहे. आणि ही तुलना कशी करायची ते शिकवणारी दोन माणसं याच जिल्ह्याशी जोडलेली आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तिकडचं. सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसं जहाजात कोंबून अटलांटिकपार नेली, त्यातली लाखो वाटेतच मेली. 1781 मध्ये झाँग या ब्रिटिश जहाजावरून 130 च्या वर माणसं जिवंतपणी समुद्रात फेकली आणि मालकांनी विमा मागितला, माल गेला म्हणून! कोर्टात केस उभी राहिली ती विम्याची, खुनाची नाही. पुढं 1833 च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतली गुलामी संपवायचं ठरलं तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई मंजूर झाली, ती पण मालकांना, आणि ते कर्ज पूर्ण फिटलं 2015 ला.

आता आपलं. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम बायका, विकल्याचे, बक्षीस दिल्याचे व्यवहार आहेत. बदअमल, म्हणजे व्यभिचार, केला म्हणून बाईला शिक्षा काय, तर कुणबीण करून किल्ल्यावर नाहीतर सरकारी कोठीत कामाला घालायचं, आणि तिला पोरं झाली तर ती पण मालकाचीच. आपण एवढे गड फिरतो, तोफा बघतो, टाकी बघतो, पण या बायकांचं नाव कुणी घेत नाही, मला हे फार लागतं. कंपनी सरकारनं 1843 ला गुलामीविरुद्ध कायदा केला तेव्हा सातारा अजून संस्थान होतं, थेट कंपनीच्या राज्यात नव्हतं, ते खालसा झालं 1848 ला.

फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. 1873 ला त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना, म्हणजे तिकडं बघून त्यांनी बोट इकडं दाखवलं, आपल्या शूद्रातिशूद्रांकडं. आपलं झाकायला त्यांनी अमेरिका वापरली नाही.

बाबासाहेब 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत होते. बसायला गोणपाट घरून न्यायचं, तहान लागली तर शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. पुढं त्यांनी मांडलं की अस्पृश्यता गुलामीपेक्षा वाईट, कारण गुलाम मालमत्ता असतो म्हणून मालक त्याला जगवतो तरी, अस्पृश्याची जबाबदारी कुणावरच नाही. मला हा मुद्दा पटतो पण झाँग शेजारी ठेवूनच, कारण मालमत्ता म्हणून जपतात तसं मालमत्ता म्हणूनच फेकतात पण. कुठं किती मेले हा हिशेब मांडत बसण्यापेक्षा माणूस कुणाच्या मालकीचा, त्याची पोरं कुणाची, सुटका झाल्यावर पैसे कुणाला, असं एकेक कलम लावून बघितलं तर दोन्हीकडचं जास्त कळतं. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिलं, तिकडच्या लोकांनी युनोकडं दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि द्यु बॉईस यांचं उत्तरही आलं.