पैसे मोजून रापलेली कातडी

कापूस वेचून आलेल्या बाईनं बांगड्या जरा वर सरकवल्या की खाली मूळ रंगाची पट्टी दिसते. बाकी हात रापलेला. आपल्याकडे हे रापणं फुकटचं आणि नकोसं. सोयरीक जमवताना तर ते उणंच धरतात. युरोप-अमेरिकेत मात्र गोरी माणसं त्यासाठी पैसे मोजतात. अतिनील दिवे लावलेल्या पेटीत, म्हणजे टॅनिंग बेडमध्ये, काही मिनिटं पडून राहायचं आणि सोनेरी होऊन बाहेर यायचं.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आपण ऊन कडक म्हणतो. पण कातडी रापवणाऱ्या अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांचा अंदाज उकाड्यावरून येत नाही. वेचणीच्या दिवसांत सकाळी थंडी वाजते, तरी हात काळवंडतातच.

हे किरण पेशीतल्या डीएनएला इजा करतात. डीएनएच्या साखळीतले थायमिन नावाचे शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटून बसतात. पी-५३ नावाचं प्रथिन ही मोडतोड हेरतं आणि तिथून रंगपेशींना मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, बनवायचा निरोप जातो. मेलॅनिनचे कण मग पेशीकेंद्रावर, नेमके उन्हाच्या बाजूनं, डोक्यावर ओढलेल्या पदरासारखे बसतात. थोडक्यात, कातडी रापते ती इजा होऊन गेल्यावर. दुरुस्ती हुकली तर तो बिघाड पुढच्या पेशींत उतरतो. असे बिघाड साचत गेले की कधीतरी कर्करोग होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये टॅनिंग बेडला तंबाखूच्याच गटात टाकलं, म्हणजे ज्यानं माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलंय अशा गोष्टींच्या. पस्तिशीच्या आत हा नाद लागलेल्यांत मेलानोमाचा, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाचा, धोका निम्म्याहून जास्त वाढलेला आढळला. ब्राझीलनं त्याच वर्षी सौंदर्यासाठीच्या वापरावर बंदी घातली.

मग जन्मभर वावरात राबणाऱ्यांचं काय? सावळ्या कातडीत मेलॅनिन मुळातच भरपूर, म्हणून उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे कमी. जन्मतःच अंगात रंग नसलेल्या, पांढऱ्या केसांच्या मुलांना मात्र हे कवच नसतं (हे कोड नव्हे, कोड वेगळं). मजूर बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात ना, तो या मुलांना महागड्या क्रीमपेक्षा जास्त उपयोगी.

आपला धोका बहुतेकदा उन्हाबाहेरचा, आणि त्याबद्दल बोलणं फारच कमी होतं. चुलीवर भाजल्याचा जुना वण किंवा वर्षानुवर्षं न भरलेली जखम, तिथे कर्करोग उगवू शकतो. सावळ्या माणसांत मेलानोमा बरेचदा निघतो तो तळपायावर किंवा नखाखाली, जिथे ऊन पोचतच नाही. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये गेला तो पायाच्या अंगठ्यात सुरू झालेल्या अशाच मेलानोमानं. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला काळा डाग दिसला की ‘काटा मोडला असंल’ म्हणून सोडून देतात. काट्याची खूण काही आठवड्यांत ओसरते. मेलानोमाचा डाग मात्र पसरतो, कडा वेड्यावाकड्या होतात, कधी रक्त येतं. छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की उलगडा होतो, आणि ती तपासणी सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात होते.