न गोठणारं मुर्मान्स्क

रशियाचा नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. सेंट पीटर्सबर्ग ६० अंश उत्तरेला. हिवाळ्यात तिथल्या बंदरात बर्फ साचतो. अर्खांगेल्स्क त्याच्याही वर, तेही गोठतं. आणि या दोहोंपेक्षा कितीतरी वर, आर्क्टिक वृत्त ओलांडून ६९ अंशांवर असलेल्या मुर्मान्स्कला मात्र जहाजांची ये-जा बारा महिने चालू!

शहर वसलं तेच या गुणामुळे. पहिल्या महायुद्धात बाल्टिकची वाट जर्मनीनं आणि काळ्या समुद्राची तुर्कस्ताननं अडवली. मित्रराष्ट्रांची रसद उतरवणार कुठे? मग घाईनं रेल्वे टाकली गेली आणि १९१६ मध्ये कोला उपसागराच्या काठी हे गाव उभं राहिलं.

गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी अटलांटिक ओलांडून, नॉर्वेचा किनारा धरत बॅरेंट्स समुद्रात शिरतं, हे कारण आपण शाळेत शिकतो. पण यात मिठाचाही वाटा आहे, आणि मला तोच भाग जास्त आवडतो. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळ्यावर बर्फ पटकन धरतो. किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं समुद्राचं पाणी मात्र गोठण्याच्या क्षणापर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांपर्यंत, जडच होत जातं. वरचं गार पाणी खाली बुडतं, खालचं उबदार पाणी वर येतं आणि बर्फ धरायला सवडच मिळत नाही. कडाक्याच्या थंडीत उपसागरावर वाफेचे लोट उठतात, ते याच उबेमुळे. अर्खांगेल्स्कला उत्तर द्विना नदी गोडं पाणी आणून ओतते. तिथला समुद्र म्हणूनच लवकर गोठतो.

ऊब मिळाली तरी उजेड मिळत नाही. साधारण २ डिसेंबर ते ११ जानेवारी सूर्य उगवतच नाही. तरी मिट्ट काळोख नसतो. २२ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली जेमतेम अडीच अंश असतो, त्यामुळे काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो. माणसांना हे सोपं नाही. सोव्हिएत काळात उन्हाची उणीव भरून काढायला बालवाड्यांतली मुलं काळे चष्मे लावून अतिनील दिव्याभोवती उभी राहत. १९८९ मध्ये शहराची वस्ती ४ लाख ६८ हजार होती, २०२१ मध्ये ती २ लाख ७० हजारांवर आली. तरीही आर्क्टिक वृत्तापलीकडचं जगातलं सर्वांत मोठं शहर हेच.

रशियाच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या बर्फफोड्या जहाजांचा तळही इथेच आहे. त्यांचं काम पूर्वेला, नोवाया झेमल्या बेटांपलीकडच्या कारा समुद्रात. अटलांटिकची ऊब तिथवर फारशी पोचत नाही, आणि ओब व येनिसेई या दोन महानद्या तिथे गोडं पाणी ओतत असतात.